उतारशाळेचा रखवालदार कोण?

(नेपाळला गेलेले वैद्यकीय सेवादल परतल्यावर मंडळीच्या उपकारस्तुती सभेत केलेले भाषण)



आमचे सेवादल नेपाळहून सुखरूप परत आले, याबद्दल प्रथम देवाचे आभार मानते. आपण प्रार्थना केलीत, दान दिलेत. आपल्या डॉक्टरांनी आठवडाभर दवाखाने बंद ठेवले, परिचारिका भगिनींनी हक्काची रजा खर्च केली, तरुण संघाने रात्री जागून औषधांची खोकी भरली. प्रभू कोणाचेही ऋण ठेवत नाही.

परतल्यापासून सगळे एकच विचारतात, "ताई, किती पेशंट तपासले?" तो आकडा अहवालात आहे आणि अहवाल बाहेर फलकावर लावला आहे. आज मला दुसऱ्या एका प्रश्नावर बोलायचे आहे. आपण निघून आल्यावर त्या पेशंटचे काय होते?

लूककृत शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायातला चांगला शोमरोनी आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. त्याने जखमा बांधल्या, तेल आणि द्राक्षारस ओतला, जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवले. इथवर आपण नेहमी सांगतो. पण दुसऱ्या दिवशी तो शोमरोनी निघून गेला, हे आपल्या फारसे लक्षात राहत नाही. त्याचा मुक्कामही आपल्यासारखाच थोडा होता. जाताना त्याने उतारशाळेच्या रखवालदाराला पैसे दिले, माणसाला त्याच्या हवाली केले, जास्त खर्च झाला तर परतताना देईन असा शब्द दिला. जखमी माणूस बरा झाला असेल, तर त्यात त्या रखवालदाराचाही वाटा आहे. त्याचे नाव कोणाला माहीत नाही.

थोड्या दिवसांसाठी परदेशी जाणाऱ्या प्रत्येक सेवादलाने निघण्यापूर्वी विचारावे, तिथे आपला रखवालदार कोण?

आम्ही पाल्पा जिल्ह्यातल्या डोंगरावरच्या एका वस्तीत होतो. गोरखपूरपर्यंत रेल्वे, सुनौलीला सरहद्द, पुढे बुटवलहून घाटरस्ता. या भागात मगर समाजाची वस्ती मोठी आहे. नेपाळ सरकारने २००२ च्या कायद्याने ज्या ५९ जमातींना आदिवासी जनजाती म्हणून मान्यता दिली, त्यांत मगर आहेत. घरोघरचे तरुण कामासाठी आखाती देशांत किंवा भारतात. आपल्या रत्नागिरीच्या आंबाबागांत राखणीला असणारे नेपाळी बांधव आपण पाहतो. त्यांचे आईवडील अशाच वस्त्यांत मागे राहिलेले असतात. शिबिराला आले ते बहुतेक म्हातारे, बायका आणि मुले.

नेपाळी भाषा देवनागरीत लिहितात, त्यामुळे आम्हाला पाट्या वाचता येत होत्या आणि आपले काम भागेल असे वाटत होते. पण वाचणे वेगळे आणि समजणे वेगळे. तिथे ताप म्हणजे 'ज्वरो', चक्कर येणे म्हणजे 'रिंगटा', जुलाब म्हणजे 'पखाला'. तारखांचेही तसेच. तिथे रोजच्या व्यवहारात विक्रम संवत चालते. महिना आपल्या इंग्रजी महिन्याच्या साधारण मध्यावर सुरू होतो. 'पुढच्या महिन्याच्या १० तारखेला तपासून घ्या' असे चिठ्ठीवर लिहिले, तर रुग्ण भलत्याच दिवशी चालत येईल. म्हणून प्रत्येक कार्डावर त्यांची तारीख तिथल्याच माणसाकडून लिहून घेतली.

पाच दिवसांत पुरी होणारी कामे असतात. किडलेला दात काढता येतो, जवळचे दिसण्यासाठी चश्मा देता येतो, जखम धुऊन बांधता येते, जंताची गोळी देता येते. या कामांत मोठा आनंद आहे. एका आजोबांनी चश्मा लावून सुईत दोरा ओवला आणि रांगेतल्या सगळ्यांना दाखवला.

पण पाच दिवसांत पुरी न होणारी कामे जास्त असतात. दुसऱ्या दिवशी एक मगर आजी आल्या. रक्तदाब फार वाढलेला. त्यांनी पदराची गाठ सोडून गोळ्यांची एक रिकामी पट्टी आमच्यापुढे ठेवली. पूर्वी कुठल्याशा शिबिरात त्यांना पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या होत्या. त्या संपल्या. पट्टी मात्र त्यांनी जपून ठेवली होती, कारण पुन्हा डॉक्टर येतील तेव्हा हीच दाखवायची, असे त्यांनी ठरवले होते. मधल्या काळात त्यांनी काहीच घेतले नव्हते. रक्तदाबाचे औषध रोज आणि बहुधा जन्मभर घ्यावे लागते. पंधरा दिवसांच्या गोळ्यांनी आजार आटोक्यात राहत नाही, फक्त उपचार सुरू झाल्यासारखे वाटते. ते शिबिर कोणी भरवले होते हे मला ठाऊक नाही, आणि त्यांच्या प्रेमाविषयी मला शंका नाही. पण रखवालदार नेमायचा राहून गेला होता.

गंमत अशी, की तो रखवालदार तिथेच होता. नेपाळमध्ये सरकारी स्वास्थ्य चौक्या आहेत आणि काही मूलभूत औषधे तिथे मोफत मिळतात. शिवाय १९८८ पासून त्या देशात महिला सामुदायिक स्वास्थ्य स्वयंसेविकांची योजना आहे. आपल्या आशाताईंसारख्याच त्या. देशभरात सुमारे ५०,००० आहेत. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना वर्षातून दोनदा 'अ' जीवनसत्त्वाची मात्रा त्याच देतात. आमच्या शिबिरात तिथल्या स्वयंसेविका दिदी पहिल्या दिवसापासून नोंदणीच्या टेबलाशी होत्या. कोणाचे घर कुठे, कोण एकटे राहते, कोण औषध घेते म्हणून सांगते आणि घेत नाही, हे सगळे त्यांना तोंडपाठ. आजींचे नाव त्यांच्या वहीत गेले. चौकीतून गोळ्या कधी आणायच्या हे ठरले. निघताना त्या दिदी मला म्हणाल्या, "तुम्ही जाल, आम्ही इथेच आहोत. आम्हाला सांगून जा म्हणजे झाले."

नेपाळला बाहेरच्यांनी केलेली मदत कशी टिकते, याची चांगली उदाहरणे त्या देशातच आहेत. युनायटेड मिशन टू नेपाळची स्थापना १९५४ मध्ये झाली. पाल्पाच्याच तानसेन गावातले मिशन रुग्णालय अजून रुग्णांची सेवा करत आहे, कारण तिथे गेलेल्यांनी नेपाळी माणसांना शिकवून तयार केले. दुसरे उदाहरण डोळ्यांच्या डॉक्टरांचे. ऑस्ट्रेलियाचे डॉ. फ्रेड हॉलोज आणि नेपाळचे डॉ. सांदुक रुइत यांची मैत्री झाली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी लागणारे भिंग तेव्हा गरिबाला परवडण्यासारखे नव्हते. ते काठमांडूतच स्वस्तात तयार व्हावे, असा ध्यास त्यांनी घेतला. हॉलोज १९९३ मध्ये वारले. पुढच्या वर्षी तिलगंगा नेत्र केंद्र उभे राहिले, आणि तिथली भिंगे पुढे अनेक देशांत गेली. पाहुणा निघून गेला, काम घरच्यांच्या हाती राहिले.

आता एक नाजूक गोष्ट. काहींनी विचारले, "तिथे वचन सांगितले की नाही?" नेपाळच्या फौजदारी संहितेनुसार दुसऱ्याचे धर्मांतर करणे हा गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आम्ही शिबिरात ना पत्रिका वाटल्या, ना प्रवचन केले. हे केवळ भीतीपोटी नव्हते. दुखणाईत माणूस औषधासाठी हात पुढे करतो, तेव्हा त्याला नाही म्हणण्याची मोकळीक उरत नाही. शोमरोन्यानेही जखमीला काही अट घातली नव्हती. शिवाय आमच्या एका उत्साही शब्दाची किंमत तिथल्या लहानशा मंडळीला मोजावी लागली असती. तिथली मंडळी शनिवारी उपासनेला जमते, कारण तो सुट्टीचा वार. त्या दिवशी आम्ही शिबिर ठेवले नाही. त्यांच्यामध्ये बसून प्रार्थना केली. त्यांची साक्ष त्यांच्या शेजाऱ्यांना रोज दिसते. ती आपल्यापेक्षा त्यांनाच चांगली देता येते.

बंधुभगिनींनो, पुढच्या महिन्यात मिशन समिती पुढील वर्षाचा विचार करणार आहे. दोन मते आहेत. एक म्हणते, यंदा एवढा आशीर्वाद मिळाला, तर पुढच्या वर्षी मोठे दल नवीन देशात न्यावे. ती इच्छा प्रेमातूनच आली आहे. तरीही माझी विनंती वेगळी आहे. त्याच वस्तीत सलग तीन वर्षे जावे. दल लहान असावे आणि त्यात नेत्र व दंत सेवा असावी, म्हणजे हातात घेतलेले काम तिथेच पुरे होईल. वाचलेल्या प्रवासखर्चातून स्थानिक आरोग्य कार्यकर्त्यांना जे लागेल ते त्यांना विचारून द्यावे. एका माणसाच्या जाण्यायेण्याच्या खर्चात रक्तदाब मोजण्याची कितीतरी यंत्रे येतात. प्रत्येक डॉक्टरची नेपाळ मेडिकल कौन्सिलकडे तात्पुरती नोंदणी यंदाप्रमाणेच आधी करावी. औषधे पोहोचताना किमान वर्षभराची मुदत शिल्लक असलेलीच न्यावीत. जागतिक आरोग्य संघटनेचे औषधदानाचे मार्गदर्शनही हेच सांगते. घरातली उरलेली औषधे कृपा करून खोक्यात घालू नका.

आणि हाच नियम आपल्या घरीही लावू या. पालघर आणि नंदुरबारच्या पाड्यांवर आपण एक दिवसाची शिबिरे घेतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडमध्ये खेड्यातल्या बायकांनाच आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या. हा धडा शिकायला आपल्याला सरहद्द ओलांडण्याचीही गरज नव्हती. आशाताई किंवा अंगणवाडीताई सोबत नसेल, तर पाड्यावर शिबिर ठेवू नये, असे मी समितीला लेखी सुचवले आहे.

मोठ्या दलाचे छायाचित्र चांगले येते, हे मला कळते. दान देणाऱ्याला काही दिसावे, ही अपेक्षाही रास्त आहे. पण पदराच्या गाठीतली ती रिकामी पट्टी पुन्हा कोणी जपून ठेवावी, असे आपल्यातल्या कोणालाही वाटणार नाही. समितीच्या बैठकीसाठी प्रार्थना करा आणि आपले मत पाळकसाहेबांना कळवा. पाल्पाच्या त्या आजींसाठी आणि त्यांच्या दारी जाणाऱ्या दिदींसाठीही रोजच्या कौटुंबिक प्रार्थनेत एक वाक्य असू द्या.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.