श्रावकाची शेती आणि माती-पाण्याचे रक्षण



भगवान आदिनाथांनी कर्मभूमीच्या आरंभी असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही षट्कर्मे लोकांना शिकविली, असे जैन परंपरा सांगते. त्यांपैकी कृषिकर्म दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजाने पिढ्यान्‌पिढ्या निष्ठेने जोपासले. इतरत्र जैन म्हटले की व्यापारी पेढी डोळ्यांपुढे येते. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात मात्र शिरोळ, हातकणंगले, मिरज या तालुक्यांतील हिरवे शिवार आठवते. म्हणूनच या शिवाराची अवस्था हा केवळ शेतीचा नव्हे, धर्माचाही विषय ठरतो.

बारमाही पाणी आले, ऊस आला आणि त्याबरोबर समृद्धीही आली. परंतु काळ्या, चिकण जमिनीत पाण्याचा निचरा मंद असतो. मोकाट पाणी देत राहिले की भूजलाची पातळी वर चढते. उन्हाने पाणी उडून जाते आणि त्यातील क्षार वरच्या थरात साचतात. आधी उगवण विरळ होते, मग पांढरा थर दिसू लागतो, आणि अखेर ते रान पडीक पडते. ज्या जमिनीने आजोबांचा संसार उभा केला, ती नातवाच्या वाट्याला क्षारपड होऊन यावी, याहून मोठी हानी शेतकऱ्याची कोणती?

जैन दर्शनाने पृथ्वीकाय, अप्काय, अग्निकाय, वायुकाय आणि वनस्पतिकाय यांत जीव मानला आहे. गृहस्थाला शेतीतील हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही. ती उद्योगी हिंसा होय, आणि शास्त्राने गृहस्थाची ही मर्यादा ओळखली आहे. मात्र निष्प्रयोजन भूमी खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटविणे, वनस्पती तोडणे यांस आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त प्रमादचर्या म्हटले असून तिची गणना अनर्थदंडात केली आहे. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मांत रान पेटविणे आणि तळी आटविणे यांचाही समावेश आहे. शेतीतील अटळ काय आणि अनावश्यक काय, हा विवेक येथूनच सुरू होतो.

पहिले उदाहरण पाचटाचे. ऊस तुटून गेल्यावर एकरी सुमारे ३ ते ४ टन पाचट मागे राहते. ते पेटविले की काही तासांत रान मोकळे होते खरे. पण असंख्य सूक्ष्मजीव होरपळतात आणि जमिनीला मिळू शकणारा सेंद्रिय अंश धुरात जातो. तेच पाचट खोडव्यात सरी आड सरी पसरून ठेवले तर ओल टिकते, तण दबते आणि पुढे त्याचेच खत होते.

दुसरे उदाहरण नांगरटीचे. कोल्हापूरचे प्रयोगशील शेतकरी प्रताप चिपळूणकर यांनी नांगरणीविना शेतीचा अनुभव लेखनातून मांडला. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी ‘सगुणा भात तंत्रा’त कायमचे गादीवाफे ठेवून चिखलणीशिवाय भात घेण्याची पद्धत रुजविली. पिकाची मुळे जागीच कुजतात, गांडुळांच्या वाटा शाबूत राहतात आणि पावसाचे पाणी त्या वाटांनी खोल मुरते. अर्थात येथे एक अडचण प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. अशा शेतीत तणनाशकाचा आधार बहुधा घेतला जातो. एक हिंसा टाळताना दुसरी दाराशी येऊ नये म्हणून आच्छादन, आंतरपीक आणि ताग-धैंचासारखी हिरवळीची पिके यांवर भर देणे श्रावकाला अधिक शोभेल.

तिसरा विषय पाण्याचा. ठिबकने पाणी मुळापाशी पोहोचते आणि वाया जात नाही. क्षारपड झालेल्या जमिनीत सच्छिद्र नळ्यांचा भूमिगत निचरा करून क्षार बाहेर काढता येतात. जिप्समचा उपयोग चोपण जमिनीत होतो. म्हणून माती-परीक्षण आधी, खर्च नंतर. निचऱ्याचे पाणी ओढ्यापर्यंत जाण्यास शेजाऱ्याच्या रानातून वाट लागते. त्यामुळे हे काम एकट्याचे राहत नाही. भाऊबंदकी बांधावरच ठेवून सर्वांनी एकत्र यावे लागते.

ओढ्याकाठची दलदल, गावतळे, नदीकाठचा सखल भाग यांना कित्येकदा ‘पडीक’ समजून भर घातली जाते. वस्तुतः पुराचे पाणी थोपविणारी, गाळ अडविणारी आणि पक्ष्यांना आसरा देणारी ही निसर्गाची धर्मशाळाच आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर सोसलेल्या खोऱ्याला हे अधिक सांगणे नको. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर या पाणथळ क्षेत्राला महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून २०२० मध्ये मान्यता जाहीर झाली. गावतळ्याला असा मान कदाचित मिळणार नाही. पण काठावर गवताचा पट्टा राखला, तेथे खत-औषध टाकले नाही, तरी त्याचे रक्षण होते.

हे सारे केवळ प्रवचनाने पटणारे नाही. शेतकरी शेजारच्या बांधावरून दिसलेल्या पिकावर विश्वास ठेवतो. म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात विश्वस्तांनी एका एकराचे प्रात्यक्षिक हाती घ्यावे. अर्ध्या एकरात प्रचलित पद्धत, अर्ध्यात पाचट-आच्छादन, कमी मशागत आणि ठिबक. दोन्हीकडचा खर्च, पाण्याच्या पाळ्या, माती-परीक्षण आणि उतारा यांची नोंद मंदिराच्या फलकावर जाहीर लावावी. उतारा कमी आला तर तोही लिहावा. सत्यव्रत तेथेही आहेच. एका हंगामावर निकाल न देता तीन वर्षे वाट पाहावी, कारण माती सावकाश सुधारते.

चातुर्मासात मुनिजन विहार थांबवितात, कारण पावसाने भूमी जीवांनी भरून गेलेली असते. त्याच भूमीवर शेतकऱ्याला मात्र रोज पाऊल टाकावे लागते. ते पाऊल जपून पडावे, एवढीच श्रावकाच्या शेतीकडून अपेक्षा.

जय जिनेंद्र.