पीण्याच्या खडकाखाली

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात धातूंना मुलामा देणारे अनेक कारखाने आहेत. तेथील भूजलात क्रोमियम उतरल्याचे तपासण्यांत आढळले आहे. ते कोठवर पसरेल, हे एका तपासणीने कळत नाही. खाली सुमारे 300 कोटी वर्षांचा पट्टिताश्म आहे. त्यातून पाणी वाहते ते भेगांवाटे. त्यांचा माग काढायचा, तर त्याच विहिरी पावसाळ्याआधी व नंतर, वर्षानुवर्षे तपासाव्या लागतात. म्हैसूर संस्थानाने 1894 सालीच भूगर्भखाते काढले. पण असे काम करणारी माणसे घडतात विद्यापीठांच्या भूशास्त्र विभागांत. तेथे यंत्र एक वेळ लवकर येते, अध्यापकाची रिकामी जागा मात्र रेंगाळते! निवृत्त अध्यापकामागे नोंदवह्या कपाटात पडून राहतात. तो असतानाच त्याचा वारस नेमला, तर दोघे मिळून पीण्यात हिंडतील आणि कोणती विहीर कोणत्या भेगेवर आहे, हे नव्याला जागेवरच कळेल.