गर्भ लहान भरला तर : घराचे व गावाचे कर्तव्य

(पंचायत सदस्य, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांच्यापुढे दिलेले भाषण)



गरोदरपणाच्या आठव्या महिन्यात उपकेंद्रावर तपासणी होते आणि नर्सबाई सांगतात, "बाळ थोडे लहान वाटते." या चार शब्दांनी साऱ्या घरात काळजी शिरते. कोणी सुनेच्या खाण्याला बोल लावतो, कोणी खर्चाचा हिशेब मांडतो आणि गर्भवती स्वतःलाच दोष देत बसते. काही घरी याच्या उलट घडते. "आमच्या घरात सगळेच लहान चणीचे," असे म्हणून पुढील तपासणीच टाळली जाते. घाबरून जाणे आणि दुर्लक्ष करणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच घातक होत. लहान माप ही पुढील तपासणीची सूचना असते. ती तपासणी वेळेवर होते की नाही, यावरच पुष्कळदा बाळाचे भवितव्य अवलंबून असते.

मापाचा अर्थ

ओटीपोटाखालच्या हाडाच्या वरच्या कडेपासून गर्भाशयाच्या माथ्यापर्यंतचे अंतर टेपने मोजतात. साधारणपणे २४ व्या आठवड्यापासून हे अंतर सेंटिमीटरमध्ये जवळजवळ आठवड्यांइतकेच भरते. ३२ व्या आठवड्यात ते २८ भरले तर शंका घेणे योग्य ठरते. तथापि, पाळीची तारीख चुकीची सांगितली गेली असेल, बाळ आडवे असेल किंवा अखेरच्या आठवड्यांत डोके खाली उतरले असेल, तरीही माप कमी येते. सोनोग्राफीने काढलेले वजनसुद्धा अंदाजच असतो. त्यात दहा-पंधरा टक्क्यांचा फरक पडू शकतो. म्हणून एका मापावर निर्णय होत नाही. वाढ होत आहे की थांबली आहे, हे पाहण्यासाठी डॉक्टर सांगतील त्या अंतराने पुन्हा मोजावे लागते. गरजेप्रमाणे नाळेतील रक्तप्रवाहाचीही तपासणी करावी लागते.

लहान भरलेली अनेक बाळे मुळातच लहान चणीची, परंतु निरोगी असतात. काहींना मात्र वारेतून पुरेसे पोषण व प्राणवायू मिळत नाही. आईचा वाढलेला रक्तदाब, रक्तक्षय, हिवतापासारखा संसर्ग, तंबाखू व मिश्रीचे सेवन, कोवळ्या वयातील मातृत्व ही त्यामागील काही कारणे होत. कधी कधी निश्चित कारण सापडतही नाही. यास्तव मातेला दोष देणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय अपायकारकही आहे. कारण दोषाच्या भीतीने स्त्री आपला त्रास बोलून दाखवत नाही.

आहार आणि श्रम

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास केला. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दुग्धजन्य पदार्थ अधिक वेळा खाणाऱ्या मातांची बाळे आकाराने मोठी असल्याचे त्यात आढळले. शेतीच्या व घरच्या जड कामाचा संबंधही जन्मवजनाशी दिसून आला. मूल लहान राहिले म्हणजे बाळंतपण सोपे जाते, या समजुतीने गर्भवतीला कमी जेवू घालण्याची रीत काही ठिकाणी आढळते. ती सोडणे अगत्याचे आहे. मात्र शेवटच्या महिन्यात दुप्पट खाऊ घातल्याने वारेचा दोष दूर होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. जड काम कमी करणे, लोहाच्या गोळ्या नियमित घेणे आणि मिश्री बंद करणे, एवढे प्रत्येक घराला करता येते.

विलंब नको

बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी झाली तर सकाळची वाट पाहू नये. रक्तस्राव, पाणी जाणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चेहऱ्यावर सूज यांपैकी काहीही दिसल्यास त्याच वेळी रुग्णालय गाठावे. कित्येकदा बाळाला पोटात ठेवण्यापेक्षा वेळेआधी बाळंतपण करणे अधिक सुरक्षित असते. तो निर्णय तज्ज्ञांचा असतो, परंतु त्यांच्यापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी घराची व गावाची आहे.

२०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात शासकीय संस्थांतील तपासण्या, बाळंतपण व वाहन यांची विनामूल्य सोय आहे. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरांकडून तपासणी होते. ही तारीख ग्रामपंचायतीच्या फलकावर असावी. माहेरी जाणाऱ्या मुलीबरोबर तिचे माता व बाल संरक्षण कार्ड जावे आणि आशाताईंनी माहेरच्या गावी निरोप द्यावा. पहिल्या बाळंतपणात तपासणीचा धागा तुटतो तो बहुधा याच ठिकाणी.

जन्मानंतर

अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ कमी वजनाचे समजले जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, वजनाची नोंद असलेल्या बाळांपैकी सुमारे १८ टक्के बाळे या गटात होती. अशा बाळाला आईच्या उघड्या छातीशी ऊब द्यावी, पहिल्या तासात स्तनपान सुरू करावे, आंघोळीची घाई करू नये. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित स्त्रियांकरवी नवजात बाळांची घरोघर काळजी घेतली. तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. लहान बाळे जगतात आणि चांगली वाढतात, याचा हा आपल्याच राज्यातील पुरावा होय.

पंचायत सदस्यांनी वाहनाची व्यवस्था आधीच ठरवून ठेवावी. शिक्षकांनी पालकसभेत हा विषय काढावा. अधिकाऱ्यांनी उपकेंद्रास भेट देताना मोजमापाच्या नोंदी आणि पुढील तपासणीच्या तारखा तपासाव्यात. ज्या गर्भवतीचे माप कमी भरले, तिची पुढची तपासणी झाली का, हा प्रश्न गावात कोणीतरी विचारणारे असले पाहिजे. तो विचारला गेला, तर त्या मातेची अर्धी काळजी तिथेच हलकी होईल.