काळी ज्वारी कुणाच्या ताटात?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



खरिपाची ज्वारी कापणीला यावी आणि नेमका पाऊस लागावा, हे आपल्याला नवं नाही. कणसं काळी पडतात, व्यापारी भाव पाडतो. मग बरा दाणा बाजारात जातो आणि काळा घरात राहतो. भाकरी त्याचीच, म्हशीचा भरडाही त्याचाच. बाजारानं नाकारलेला माल आपण आपल्याच लेकरांना वाढतो. वर म्हणतो, रंगच गेलाय, अंगाला काय व्हायचंय?

१९९५ साली दख्खनच्या पठारावर पावसात भिजलेल्या ज्वारी-मक्याच्या भाकरी खाऊन माणसं पोटदुखीनं आणि हगवणीनं हैराण झाली. पाहणी केलेल्या ५० गावांपैकी २७ गावांत हा त्रास सापडला. बुरशीनं दाण्यात फ्युमोनिसिन नावाचं विष केलं होतं. ते धान्य बंद केल्यावर माणसं बरी झाली. तिथं निभावलं.

१९७४ साली निभावलं नाही. राजस्थानातलं बांसवाडा, गुजरातेतलं पंचमहाल. आदिवासी गावं, घरात बुरशी आलेल्या मक्याशिवाय दुसरं खायला नाही. कावीळ झाली, पोटात पाणी साठलं. ३९७ माणसं आजारी पडली, त्यांतली १०६ दगावली. घरचं उष्टं खाणारी कुत्रीसुद्धा सुटली नाहीत. त्या विषाचं नाव अफ्लाटॉक्सिन.

तव्यावर बुरशी मरते, विष मरत नाही. काळे, हलके, सुरकुतलेले दाणे पाखडून, निवडून काढले तर ते बरंच कमी होतं. या कामात मायबहिणींचा हात कुठल्याही यंत्रापेक्षा तरबेज आहे. पण घरात दुसरा दाणाच नसेल तर त्यांनी तरी काय निवडायचं?

ओल लागलेल्या सरकीच्या आणि शेंगदाण्याच्या पेंडीचंही तसंच. त्यातल्या अफ्लाटॉक्सिनचा अंश म्हशीच्या दुधात उतरतो.

रब्बीची मालदांडी बहुधा यातून सुटते, कारण ती कोरड्या हवेत पिकते. लवकर येणारी संकरित ज्वारी पावसात सापडते. तेव्हा दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की दाणा भरला समजा. ताटावरच वाळू देत बसू नका. कणसं खुडा, पत्र्याखाली वारा लागेल अशी पातळ पसरा, ऊन पडेल तेव्हा बाहेर काढा.

आणि अगदीच सडलेला दाणा खड्ड्यात पुरा. कोंबड्यांपुढेही टाकू नका. १९९५ ची ती ज्वारी एक दिवसाच्या पिलांना घालून पाहिली होती. त्यांनाही हगवण लागली.