काय, कुठे, कधी, कोणी



माझी ओळख करून देताना सरांनी मला ‘निसर्गतज्ज्ञ’ म्हटलं. मी नोकरी केली बँकेत. वनस्पतिशास्त्राची किंवा कीटकशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. सुट्टीच्या दिवशी टेकडीवर जायचं, दिसेल ते वहीत उतरवायचं, एवढंच मी करत आलो. मी हौशी निरीक्षक आहे आणि आज तुमच्याशी हौशी माणसांबद्दलच बोलणार आहे. कारण आपल्या इकडच्या किड्यामुंग्यांची, रानफुलांची जी माहिती आज जाडजूड ग्रंथांत आहे, तिचा फार मोठा भाग अशाच माणसांनी गोळा केलेला आहे.

कारवारचं सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यात होता. तिथे तीन ब्रिटिश अधिकारी होते. डेव्हिडसन सनदी नोकरीत, बेल वनखात्यात आणि एटकेन मीठ व जकात खात्यात. खाती तीन, पण नाद एकच. रानात अळी दिसली की ती ज्या झाडावर असेल त्या झाडाच्या पाल्यासकट घरी आणायची, रोज ताजा पाला घालायचा आणि ती काय खाते, रंग कसा बदलते, कोश कुठे आणि कसा करते, त्यातून शेवटी कोणतं फुलपाखरू बाहेर येतं, हे सगळं लिहून ठेवायचं. त्या काळी फुलपाखरं टाचणीला टोचून काचेच्या पेटीत लावणारे हौशी पुष्कळ होते. पण ते फुलपाखरू लहानपणी कोणत्या झाडावर वाढलं, हे सांगू शकणारे फार थोडे. १८९६ पासून या तिघांच्या नोंदी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून यायला लागल्या. आज कुणी फुलपाखरू उद्यान करतो आणि रुई लावा, एरंड लावा, लिंबू लावा असं सांगतो, तेव्हा त्या यादीची मुळं कारवारच्या त्या घरांपर्यंत पोचतात. एटकेन यांना तर डासाची एक नवीच जात सापडली आणि तिला त्यांचं नाव मिळालं. पगार त्यांना मिठाच्या आणि जकातीच्या हिशेबाचा मिळत होता.

ज्या सोसायटीचं नाव मी घेतलं, ती १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी सुरू केली. त्या आठांत दोन आपले डॉक्टर होते. एक आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाजाचे संस्थापक. दुसरे सखाराम अर्जुन, ज्यांनी मुंबईत मिळणाऱ्या औषधी द्रव्यांवर पुस्तक लिहिलं होतं. दिवसभर रोगी तपासणारी ही माणसं. आणि मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा जो ग्रंथ आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतो, तो १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध करणारे थिओडोर कुक हे पेशाने इंजिनिअर होते. पुण्याच्या ज्या कॉलेजला आज आपण सीओईपी म्हणतो, त्याचे ते प्राचार्य होते. इथे बसलेल्या कॉमर्सच्या आणि आर्ट्‌सच्या मुलांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं. हे काम फक्त सायन्सच्या मुलांचं आहे, असं कुणी तुम्हाला सांगितलं तर ऐकू नका.

आता कुणी विचारेल, या नोंदींनी होतं काय?

तुम्ही सगळ्यांनी गाजर गवत पाहिलंय. कुणी त्याला काँग्रेस गवत म्हणतं. पांढरी बारीक फुलं, गाजरासारखा कातरलेला पाला, बांधावर, रस्त्याकडेला, रिकाम्या प्लॉटवर, जिथे बघाल तिथे. काढताना हाताला खाज सुटते, काहींच्या अंगावर चट्टे उठतात, धाप लागते. विदर्भापासून कोकणापर्यंत असा शेतकरी मिळणार नाही की ज्याने या गवताला शिव्या दिल्या नाहीत. पण एके काळी हे गवत आपल्याकडे कुणाच्या ओळखीचंही नव्हतं. पुण्यात काही ठिकाणी ते उगवलेलं दिसलं. अभ्यासू नजरेला ते अनोळखी वाटलं. त्याची ओळख पटवली गेली आणि १९५६ साली आर. एस. राव यांनी ‘भारतासाठी नवी नोंद’ म्हणून ते सोसायटीच्या त्याच नियतकालिकात छापलं. पुढे ते देशभर पसरलं. ते कुठून निघालं आणि किती वर्षांत कुठवर गेलं, याचा हिशेब आज मांडता येतो, कारण कुणीतरी उकिरड्याकडेच्या एका रोपट्यापाशी थांबलं होतं. त्या वेळी ती नोंद गावागावांत पोचली असती आणि माणसं गवत फुलण्याआधी उपटायला लागली असती तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही. पुढे याच गवतावर सोडण्यासाठी मेक्सिकोतून एक भुंगेरा आणला. पावसाळ्यात गाजर गवताचा पाला उलटून बघा. पिवळसर पांढऱ्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेला तो भुंगेरा आणि त्याच्या अळ्या पान खाताना दिसतील. तुमच्या गावात तो कधी दिसतो, किती गवत संपवतो, हेही लिहून ठेवण्यासारखं आहे. पुढचं गाजर गवत कोणतं असेल, कुठल्या गावात पहिल्यांदा उगवेल, हे कुणालाच आज सांगता येणार नाही. ते पहिल्यांदा पाहणारे डोळे मात्र तुमच्यापैकी कुणाचे असू शकतात.

यासाठी जंगलात जायची गरज नाही. घरामागे कढीपत्त्याचं झाड असेल तर तिथूनच सुरुवात करा. कोवळ्या पानावर मोहरीपेक्षा लहान, फिकट पिवळा गोल ठिपका दिसतो. ते कॉमन मॉरमॉन नावाच्या फुलपाखराचं अंडं. तीन-चार दिवसांत त्यातून अळी निघते. ती इतकी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, की पक्षी तिच्याकडे बघतही नाहीत. मोठी झाली की ती कात टाकून हिरवीगार होते आणि पाठीवर डोळ्यांसारखे ठिपके येतात. तिला काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून लाल रंगाचं, टोकाला दोन फाटे फुटलेलं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. मग एक दिवस ती कमरेभोवती रेशमाचा एक धागा बांधून फांदीला टेकून कोश करते. पुष्कळदा कोशातून फुलपाखरू निघतच नाही. कोशाला बारीक भोकं पडतात आणि चिमुकल्या गांधीलमाश्या बाहेर येतात. त्यांच्या आईने त्या जिवात आधीच अंडी घातलेली असतात. अशा वेळी हिरमुसून कोश फेकून देऊ नका. फुलपाखरांबद्दल लिहिणारे खूप आहेत, त्या माश्यांबद्दल लिहिणारे फार थोडे. त्यांची तारीख लिहा, झाड लिहा, माश्या जपून ठेवा. याच मॉरमॉनचं भावंड, ब्ल्यू मॉरमॉन, २०१५ साली आपल्या राज्याचं फुलपाखरू झालं. महाराष्ट्र असं करणारं देशातलं पहिलं राज्य. त्याच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात.

शहरातल्या मुलांनी हळहळू नये. २०२१ साली ठाणे-कल्याण परिसरातल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात जगापुढे आली. ते नाव तुम्हाला सांगताना मला नेहमी भरून येतं. त्या कोळ्याचं नाव आहे ‘इसियस तुकारामी’. २६ नोव्हेंबरच्या रात्री मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात अजमल कसाबची बंदूक धरून ठेवणारे हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या नावावरून ते ठेवलंय. लोकल धावतात, टॉवर उभे राहतात, त्या भागात विज्ञानाला ठाऊक नसलेला जीव होता.

आता अळंबी. आपल्याकडे सगळ्यांत दुर्लक्षित राहिलेला विषय हाच. पहिल्या पावसानंतर वारुळावर उगवणारी अळंबी कोकणात, गोव्यात लोक शोधत फिरतात. पूर्व विदर्भात तिला सात्या म्हणतात. ती कोणत्या वारुळावर, कोणत्या नक्षत्रात येते हे रानात जाणाऱ्या आजीला पाठ असतं, आणि आपल्या पुस्तकांत त्यातलं फारच थोडं आलंय. भीमाशंकरच्या जंगलात भर पावसाळ्यात कुजक्या काटक्यांवरची बुरशी रात्री हिरवट उजेड देते. ते बघायला आता गर्दी होते, पण ती कोणत्या झाडाच्या काटकीवर होती हे लिहून आणणारे किती? छत्री दिसली की ती मातीतून आलीय की लाकडातून, शेणावर आहे की वारुळावर, वास कसा आहे, खालच्या बाजूला पापुद्रे आहेत की बारीक भोकं, हे आधी बघा. मग टोपी कापून निम्मा पांढरा आणि निम्मा काळा असलेल्या कागदावर पालथी घाला, वर वाटी झाका आणि रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी कागदावर बीजाणूंचा ठसा उमटलेला असतो. कधी पांढरा, कधी गुलाबी, कधी तपकिरी. गवताच्या मैदानात उगवणाऱ्या एका मोठ्या पांढऱ्या छत्रीचा ठसा हिरवट पडतो आणि ती विषारी असते. पण ठसा बघून खायचं की नाही ते मात्र ठरवू नका. ओळख न पटलेली छत्री तोंडात घालायची नाही, ही माझी विनंती नाही, ताकीद आहे.

नोंद म्हणजे काय ते एकदा नीट सांगतो. काय दिसलं, कुठे दिसलं, कधी दिसलं, कोणी पाहिलं. या चारांपैकी एक जरी गाळलं तरी काम वाया जातं. बँकेत तारखेशिवायचा चेक मी कधी पुढे सरकवला नाही आणि तारीख-ठिकाणाशिवायचा फोटोही नोंद म्हणून धरत नाही, मग तो कितीही सुंदर असो. तुमच्या प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, त्यात ठिकाण आपोआप टिपलं जातं. आयनॅचरलिस्टवर किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर फोटो टाकला तर ओळखायला मदत करणारी माणसं भेटतात. पण ॲपने सुचवलेलं नाव डोळे मिटून लावू नका. पानाची खालची बाजू, फुलाचा देठ, किड्याचा चेहरा, सगळ्या बाजूंनी फोटो घ्या. तरी ओळख पटली नाही तर ‘ओळख पटली नाही’ असंच लिहा. आजी, गुराखी, शेतमजूर बायका जे नाव सांगतील तेही गावाच्या नावासकट लिहा. ही नावं त्यांच्याबरोबर चालली आहेत.

आणि साध्या, रोजच्या गोष्टी लिहा. दुर्मीळ फुलामागे सगळेच धावतात. कारवी सात वर्षांनी फुलते असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८ साली फुलली आणि त्यानंतर २०१६ साली, म्हणजे आठ वर्षांनी. तुमच्या मागच्या डोंगरावर ती किती वर्षांनी फुलते? हे सांगायला दोन फुलोऱ्यांची सालं लिहिलेली पाहिजेत. एक बॅच पहिली तारीख लिहील, दुसरी तारीख तिच्या कितीतरी नंतर आलेली बॅच लिहील.

एक गोष्ट मात्र मला मुळीच मान्य नाही. वनस्पतिशास्त्राच्या फाइलसाठी वर्गच्या वर्ग टेकडीवर नेऊन प्रत्येकाला रोपटी उपटायला लावतात, ते आता थांबलं पाहिजे. कंदीलपुष्पासारख्या वनस्पती आपल्या सह्याद्रीतल्या मोजक्याच डोंगरांवर उरल्या आहेत. त्यांचे कंद उकरले की त्या ठिकाणचा वंशच संपतो. शिवनेरी परिसरातलं शिवसुमनाचं गर्द लाल, चांदणीसारखं फूल असंच मोजक्या कड्यांवर टिकून आहे. अशा झाडाचं नेमकं ठिकाण सोशल मीडियावर टाकू नका. ते सरांना सांगा, वनखात्याला सांगा. फोटो काढा, वर्णन लिहा, चित्र काढता येत असेल तर जरूर काढा.

मी प्राचार्यांशी बोललोय. ग्रंथालयात उद्यापासून कॉलेजची एक नोंदवही असेल. कोणत्याही शाखेच्या, कोणत्याही वर्षाच्या विद्यार्थ्याने तिच्यात लिहायचं. आत्ता जानेवारी आहे. पठारावरची फुलं गेली, पण पळस, पांगारा आणि सावरीला आता कळ्या धरतील. कोणत्या दिवशी पहिलं फूल उमललं ते लिहा. गेटजवळच्या लिंबाच्या झाडावर अळी असेल तर ती लिहा. वर्षाच्या शेवटी ही वही कपाटात बंद होऊ देऊ नका, पुढच्या बॅचच्या हातात द्या, आणि तिची एक प्रत तालुक्यातल्या ज्या गावांचा तिच्यात उल्लेख असेल त्यांच्या जैवविविधता समितीला पाठवा.

उद्या सकाळी सात वाजता मी मागच्या टेकडीच्या पायथ्याशी असेन. पेन आणि वही घेऊन या. शिवण सुटलेली, जुनी वहीही चालेल.