चैत्रातल्या गौरीचे आमंत्रण

(गेल्या वर्षी मंडळाच्या गणेशोत्सवात, गौरीपूजनाच्या संध्याकाळी सांबरा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रथम गणरायाला वंदन. आज घरोघरी गौरी जेवल्या आहेत. पुरणपोळीचे जेवण झाल्यावर भाषण ऐकायला बसणे ही काही सोपी गोष्ट नव्हे, म्हणून आपल्या सर्वांचे आधी आभार मानतो. मंडळाने आम्हाला सणवारांवर बोलायला सांगितले. आम्ही शास्त्री नाही, कीर्तनकार नाही. घरात जे पाहिले आणि पंचांगात जे वाचले तेवढेच सांगू.

आज आपल्या घरी आलेली गौर भाद्रपदातली, म्हणजे ज्येष्ठा गौरी. ती तीन दिवसांची पाहुणी. एक दिवस आवाहन, एक दिवस पूजन, तिसऱ्या दिवशी विसर्जन. पण हीच गौर वर्षातून आणखी एकदा घरी येते आणि तेव्हा ती चांगली महिनाभर राहते. चैत्र शुद्ध तृतीयेला येते, पाळण्यात बसते आणि वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजे अक्षय तृतीयेला निरोप घेते. तिच्यासाठी मांडव नाही, वर्गणी नाही, मिरवणूक नाही. त्यामुळेच असेल, पण तिचा विसर पडत चालला आहे. आज तिच्याबद्दल आणि तिच्या महिन्याबद्दल बोलावे असे आम्ही ठरवले आहे.

चैत्र म्हणजे वसंत ऋतूचा पहिला महिना. उत्तरेत पौर्णिमेला महिना संपवतात, त्यामुळे होळी झाली की दुसऱ्या दिवसापासून त्यांचा चैत्र लागतो. आपण अमावास्येला महिना संपवतो, म्हणून आपला चैत्र पंधरा दिवसांनी सुरू होतो. यात आपण आणि आपले कन्नड शेजारी एकाच हिशेबाने चालतो. शालिवाहन शकही दोघांचा एकच आणि संवत्सराचे नावही एकच. आपला पाडवा तोच त्यांचा युगादी. आपण कडुनिंबाचा कोवळा पाला, गूळ, चिंच, ओवा, हिंग वाटून खातो, ते बेवू-बेल्ल खातात, म्हणजे कडुनिंब आणि गूळच. वर्षाच्या पहिल्या दिवशी कडू आणि गोड दोन्ही तोंडात घ्यायचे, हा धडा दोन्ही भाषांनी एकाच झाडाखाली बसून घेतलेला दिसतो. गुढीला जो खण लावतो तो तरी कुठला? नामांकित खण विणला जातो तो बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला. महाराष्ट्रातली गुढीसुद्धा कर्नाटकातल्या मागावरचा खण लेवून उभी राहते.

पाडव्यापासून पुढे तिथी मोजत जा. पाडव्यालाच चैत्री नवरात्र बसते. तृतीयेला गौर पाळण्यात बसते. नवमीला दुपारी बारा वाजता रामजन्म. त्या दिवशी उपवास, पाळणा आणि सुंठवडा. कर्नाटकात रामनवमीला पानक आणि कोसंबरी देतात. पानक म्हणजे गुळाचे पाणी आणि कोसंबरी म्हणजे भिजवलेल्या मूगडाळीत काकडी, खोबरे घालून केलेली कोशिंबीर. शुद्ध एकादशी ती कामदा एकादशी. पंढरपूरच्या चार मोठ्या वाऱ्यांपैकी चैत्री वारी हिच एकादशीची. आषाढी सर्वांना माहीत असते, चैत्री फक्त माळकऱ्यांच्या घरात माहीत असते. त्याच सुमारास शिखर शिंगणापूरला शंभू महादेवाची यात्रा भरते आणि कावडी घाट चढतात.

मग येते चैत्री पौर्णिमा. पहाटे सूर्योदयाला हनुमान जन्म. वाडी रत्नागिरीला जोतिबाची यात्रा, सासनकाठ्या, गुलाल आणि चांगभलंचा गजर. आपल्या बेळगाव-निपाणी भागातून जोतिबाला जाणाऱ्यांची संख्या काही कमी नाही. हीच पौर्णिमा कन्नडमध्ये दवनद हुण्णिमे, म्हणजे दवण्याची पुनव. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर त्या दिवशी गर्दी होते आणि शरणांच्या परंपरेत त्याच दिवशी अक्कमहादेवीची जयंती करतात. वद्य पक्षात वरूथिनी एकादशी, मग अमावास्या, आणि वैशाख लागताच द्वितीयेला बेळगावची शिवजयंती. महाराष्ट्र शासनाची शिवजयंती १९ फेब्रुवारीला असते, बेळगावने मात्र वैशाखाची जुनी तिथी धरून ठेवली आहे. दुसऱ्याच दिवशी अक्षय तृतीया आणि बसव जयंती. म्हणजे गौर ज्या दिवशी पाळण्यातून उतरते त्याच दिवशी बसवण्णांचा जन्मोत्सव.

ही यादी आम्ही का वाचून दाखवली? या सगळ्या सणांत आणि व्रतांत एक समान धागा आहे. हा उन्हाळ्याचा महिना आहे आणि यातले प्रत्येक व्रत थंड काहीतरी कुणाला तरी द्यायला सांगते. पन्हे द्या, पानक द्या, ताक द्या. अक्षय तृतीयेला पाण्याने भरलेला घडा दान द्या, पंखा द्या, छत्री द्या. धर्मशास्त्रात प्रपादान म्हणून एक दान सांगितले आहे. प्रपा म्हणजे पाणपोई. चैत्रापासून चार महिने वाटसरूंसाठी पाणपोई चालवायची, असे ते व्रत आहे. भर उन्हात रस्त्याच्या कडेला लाल फडके गुंडाळलेला रांजण दिसला की जीव थंड होतो. त्या रांजणापाशी कुणी विचारत नाही की तू कुणाची, तुझे घर कुठले, तुझ्या कपाळावर कुंकू आहे की नाही. तहान लागली आहे ना, मग पी.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

चैत्रगौरीचे हळदीकुंकू आपण सर्वांनी लहानपणी पाहिले आहे. उतरत्या पायऱ्या करून त्यावर आरास, मध्ये पाळण्यात गौर, दारात चैत्रांगण. त्या चैत्रांगणात सूर्य, चंद्र, शंख, चक्र, कासव, तुळस, झोपाळा अशी किती चिन्हे असायची! हरभऱ्याची डाळ भिजवून वाटायची, कैरी किसून घालायची, वरून हिंग-मोहरीची फोडणी. कैरी उकडून पन्हे. येणाऱ्या प्रत्येक बाईची भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी. आम्ही मुले हरभरे खात अंगणभर फिरायचो. एकट्या मंगळवारी किंवा शुक्रवारी चार-चार घरची डाळ पोटात जायची.

आमच्या घरी ही डाळ करायची आमची काकू. काका गेले तेव्हा आम्ही शाळेत होतो. त्यानंतरच्या चैत्रातही डाळ काकूनेच केली. पहाटे उठून डाळ तिने वाटली, कैऱ्या तिने किसल्या, पन्ह्याची चव तिनेच पाहिली. संध्याकाळी बायका आल्या तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दाराआड पाटावर बसून वाट्या भरून देत होती. बाहेरच्या खोलीत सगळ्या म्हणत होत्या, ‘‘डाळ काय सुरेख झालीय!’’ आणि जिने केली ती आत होती. तिला कुणी हाकलले नव्हते. ‘‘आत बस’’ असेही कुणी म्हणाले नव्हते. ती आपणहून बसली होती आणि आम्ही सर्वांनी ते धरूनच चाललो होतो. असे एक-दोन नव्हे, वीसहून अधिक चैत्र गेले. आम्ही मोठे झालो, नोकरीला लागलो, चारचौघांत बोलू लागलो, पण त्या दाराबद्दल एक शब्द बोललो नाही. हा दोष दुसऱ्या कुणाचा नाही, आमचा आहे.

आपण म्हणाल, हे तर सगळीकडे असेच होते. खरे आहे. पण बदलणारे लोकही याच मातीत होते. ज्या १८९३ साली पुण्यात टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, त्याच १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी एका विधवेशी लग्न केले आणि गावाचा बहिष्कार सोसला. गणेशोत्सव आपण गल्लोगल्ली नेला. कर्व्यांचे काम मात्र आपल्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंतच येऊन थांबले.

फार लांब जायला नको. शिरोळ तालुक्यातले हेरवाड आपल्या सीमेला लागूनच आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, मे २०२२ मध्ये, त्या गावाने ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा गावात बंद. महाराष्ट्र शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवण्यास सांगितले. करोनाची दोन वर्षे नुकतीच सरली होती. कितीतरी घरांत तिशी-चाळिशीतल्या मुली पांढऱ्या कपाळाने बसल्या होत्या. आपल्या गावांत त्या नाहीत असे कुणी म्हणू शकेल काय?

आणि देवीचे म्हणाल, तर सौंदत्तीच्या यल्लम्माकडे पाहा. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला रांडाव पुनव म्हणतात. त्या दिवशी देवीला वैधव्य येते असे मानून बांगड्या उतरवतात. पुढे तिला पुन्हा अहेवपण येते. पण मधल्या दिवसांत डोंगरावर जाणे कुणी थांबवले आहे का? देवी विधवा झाली म्हणून तिची ओटी कुणी परत नेली आहे का? देवीला जे चालते ते आपल्या काकूला का चालू नये?

आमच्या घरी काय झाले तेही सांगतो, कारण ते काही एका दिवसात झाले नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या सौभाग्यवतींनी विषय काढला. आई आधी गप्प बसली. मग म्हणाली, ‘‘लोक काय म्हणतील ते मी ऐकून घेईन, पण वहिनींना आवडेल का ते आधी विचारा.’’ काकूला विचारले. ती म्हणाली, ‘‘आता या वयात मला कशाला बाहेर बसवता? माझी सवय मोडू नका.’’ त्या वर्षी ती आली नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही आमंत्रण बदलले. पूर्वी सुवासिनींना बोलावत होतो, आता गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावले. शेजारच्या कन्नड अक्कालाही सांगितले. तिचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले होते. ती संध्याकाळी सगळ्यांच्या आधी आली, सरळ स्वयंपाकघरात गेली आणि काकूचा हात धरून बाहेर घेऊन आली. दोघी आरशीजवळच्या सतरंजीवर बसल्या. काकूने कुंकू लावून घेतले नाही. हरभऱ्याची ओटी मात्र पदरात घेतली आणि अत्तर मनगटावर लावून घेतले.

त्या दिवशी दोन बायका पन्हे न घेताच उठून गेल्या. आम्हाला त्यांचा राग नाही. वीस वर्षे आम्हीही त्यांच्यासारखेच वागलो होतो. त्यांतली एक पुढच्या चैत्रात आली, एक अजून येत नाही. काकू आता नाही. तिचे शेवटचे तीन चैत्र मात्र बाहेरच्या खोलीत गेले, एवढे समाधान आहे. आणि वीस चैत्र आत गेले, ही टोचणीही आहे.

म्हणून आमची मंडळाला विनंती आहे. येत्या चैत्रात मंडळाने चैत्रगौरीचे हळदीकुंकू करावे. आमंत्रणात ‘सुवासिनींनी’ असे न लिहिता ‘सर्व भगिनींनी’ असे लिहावे. तबकात हळदीकुंकू, फूल, अत्तर सगळे ठेवावे, जिला जे हवे ते तिने घ्यावे. कुणावर कुंकवाची सक्ती नको आणि कुणाला मनाईही नको. ओटी मात्र प्रत्येकीची भरावी. शेजारच्या कन्नड भगिनींना आवर्जून बोलवावे. त्यांच्या कोसंबरीला आणि आपल्या आंबेडाळीला एका ताटात बसायला काहीच अडचण नाही. आणि डाळ वाटायचे, कैऱ्या किसायचे काम या खेपेला पुरुष मंडळींनी घ्यावे. आमचे नाव त्या यादीत पहिले लिहा. कैरी किसताना बोटे कशी सोलतात ते आम्हालाही कळू द्या.

आपल्याकडे नेहमी विचारतात की सीमाभागात मराठी कशी टिकणार. सभा हव्यात, शाळा हव्यात, हे आहेच. पण चैत्रांगण, आंबेडाळ, ओटी, पन्हे हे शब्द शाळेत शिकवले जात नाहीत. ते घरातल्या बायकांनी टिकवले. काकूसारख्यांनी तर दाराआड बसूनही टिकवले. ज्यांनी ते टिकवले त्यांनाच सणातून बाहेर ठेवून तो सण किती दिवस टिकेल?

उद्या भाद्रपदातली गौर जाईल. पाठवताना तिला पुन्हा ये म्हणायचे असते. या वेळी तसे म्हणताना चैत्राची आठवण ठेवू या, आणि ती येईल तेव्हा घरातल्या सगळ्या बायका बाहेरच्या खोलीत असतील असे पाहू या.

एवढे बोलून आम्ही रजा घेतो. गणपती बाप्पा मोरया!