घरांतील नळ कशाचे असावेत ?

सोलापुरांतील पुष्कळ घरांत गेल्या कित्येक वर्षांत नळाला रोज पाणी येत नाहीं. तें कांहीं दिवसांआड येतें. पाण्याचा दिवस उजाडला कीं घरांतील बाई तोटी उघडून ठेवते आणि हंडा-कळशी हाताशीं घेऊन वाट पाहूं लागते. प्रथम तोटींतून नुसता वारा येतो. तो सूं सूं करतो, मधूनच उचकी दिल्यासारखा अडखळतो, आणि मागाहून तांबूस पाणी येतें. तें मोरींत सोडून दिलें जातें. स्वच्छ धार लागली कीं हंडे भरले जातात. परंतु तो वारा कोठून आला आणि त्या पाण्याला तांबूस रंग कोणी दिला, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. श्रोतेहो, या दोन प्रश्नांचीं उत्तरें घरच्या नळांतच सांपडतात, आणि नळ कशाचे असावेत या आजच्या विषयाचा उलगडाहि त्यांतूनच होतो.

नळानें पाणी आणण्याची विद्या या भागाला नवी नाहीं. सोलापूरच्या दक्षिणेस सुमारें १०० किलोमीटरांवर विजापूर आहे. तेथें महंमद आदिलशहानें १६५१ मध्यें बेगम तलाव बांधिला, आणि त्याचें पाणी खापराच्या नळांनीं शहरांत नेण्यांत आलें. खापर गंजत नाहीं व पाण्याला चव देत नाहीं. पण पाण्याचा जोर त्याला सोसत नाहीं. म्हणून ते नळ जमिनींत खोल पुरून भोंवतीं पक्कें बांधकाम केलें, आणि वाटेवर उंच मनोरे उभारले. त्या मनोऱ्यांना ‘गंज’ म्हणत. लोखंडावर चढणारा गंज तो निराळा. पाण्याचा जोर मनोऱ्यांत मोकळा होई, आणि नळ फुटत नसे. जुन्या कारागिरांनीं पदार्थाचा गुण घेतला, पण त्याचा दोषहि ओळखून रचना केली. नळाची निवड करतांना आजहि हेंच धोरण ठेविलें पाहिजे.

पुढें सोलापूरची तहान १८७१ मध्यें पुऱ्या झालेल्या एकरुख, म्हणजे हिप्परग्याच्या, तलावानें, मग टाकळी येथील भीमेनें आणि १९८० मध्यें पुऱ्या झालेल्या उजनी धरणानें भागविली. जोरानें येणाऱ्या पाण्याला खापर पुरें पडत नाहीं. म्हणून शहरोशहरीं रस्त्याखालीं बिडाचे नळ पडले. बीड मोठें दीर्घायुषी. फ्रान्समध्यें व्हर्सायच्या राजवाड्यासाठीं १६६४ च्या सुमारास घातलेल्या बिडाच्या नळांनीं ३०० वर्षांहून अधिक काळ काम दिलें. परंतु बीड जड व ठिसूळ; भिंतीवरून वळणें घेत स्वयंपाकघरापर्यंत जाणें त्याला जमत नाहीं. घरांत आले ते जस्ती नळ.

जस्ती नळ म्हणजे लोखंडी नळाला आंतूनबाहेरून दिलेला जस्ताचा मुलामा. सोरेल नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें १८३७ मध्यें या कृतीचा हक्क आपल्या नांवें नोंदविला. जस्त मोठें इमानी. पाणी व हवा यांचा मारा तें आधीं स्वतःवर घेतें, आणि तें संपेपर्यंत लोखंडाला धक्का लागत नाहीं. पण नळ जोडण्यासाठीं टोंकाला आटे पाडावे लागतात, आणि आटे पाडतांना नेमका तेथलाच मुलामा निघून जातो. म्हणून जस्ती नळ बहुधा प्रथम सांध्यापाशीं कुजतो. त्यांत पाणी दिवसांआड येणारें. सदा भरलेल्या नळांत हवा थोडी असते. एकदां ओल्या, एकदां कोरड्या नळांत पाणी व हवा दोन्ही भरपूर मिळतात आणि गंज झपाट्यानें चढतो. प्रारंभीचा तांबूस रंग पुष्कळदां याच गंजाचा असतो.

शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो. त्यावर विंधन-विहिरीच्या पाण्यांतील क्षार बसतात. बंबाच्या तळाशीं जमणारी पांढरी खपली ज्यांनीं खरवडली आहे, त्यांना या क्षारांची ओळख करून देण्याची गरज नाहीं. अशानें नळाचें तोंड आंतून अरुंद होतें. येथें थोडें गणित आहे. नळाचा आंतील व्यास निम्मा झाला, तर पाणी निम्में होत नाहीं. तेवढ्याच जोरावर तें जवळजवळ सहाव्या हिश्श्यावर येतें. वरच्या मजल्यावर धार बारीक येते म्हणून दुसऱ्या कोणास दोष देण्यापूर्वी जुन्या नळाचा वीतभर तुकडा कापून आंत डोकावून पाहावें.

शिसें हा नळांचा फार जुना पदार्थ. तें मऊ व वळविण्यास सोपें. रोमन लोकांनीं त्याचे नळ केले, आणि प्लंबर हा शब्दहि शिशाच्या लॅटिन नांवावरून आला. परंतु शिसें विषारी आहे, आणि लहान मुलांच्या मेंदूला तें विशेष घातक आहे. अमेरिकेंतील फ्लिंट शहरानें २०१४ मध्यें जुना पुरवठा सोडून नदीचें पाणी घेतलें. तें पाणी धातु खाणारें होतें, आणि त्यावर करावयाची प्रक्रिया केली गेली नाहीं. जुन्या नळांतील शिसें घरोघरच्या पेल्यांत उतरलें. नळ तेच होते, पाणी तेवढें बदललें होतें. आपल्याकडे जस्ती नळाच्या आट्यांवर सुतळीबरोबर सफेता फांसण्याची चाल असे, आणि अस्सल सफेता म्हणजे शिशाचेंच संयुग. पिण्याच्या पाण्याच्या सांध्याला तो लावूं नये. त्या जागीं टेफ्लॉनची फीत गुंडाळावी. पी. व्ही. सी. नळ घडवितांनाहि शिशाचीं संयुगें मिसळीत. त्यास भारत सरकारनें २०२१ मध्यें नियम करून आळा घातला.

आजच्या नव्या घरांत बहुतेक नळ प्लॅस्टिकचे असतात. ते गंजत नाहींत, आणि क्षारहि त्यांच्या गुळगुळीत अंगाला कमी धरतात. पण सर्व प्लॅस्टिक एक नव्हे. साध्या पी. व्ही. सी. चा नळ थंड पाण्यासाठीं. ४५ अंशांपलीकडे त्याचा भरंवसा धरूं नये. फिकट पिवळ्या सी. पी. व्ही. सी. चा नळ ८० अंशांच्या आसपासचें पाणी सोसतो. गिझरला साधें पी. व्ही. सी. जोडणें म्हणजे मेणाच्या पळीनें कढी वाढणें होय. दोहोंचे चिकटद्रवहि निराळे; एकाचा दुसऱ्यास वापरूं नये.

सोलापूरचें ऊन हा या नळांचा दुसरा परीक्षक. उन्हाळ्यांत येथें पारा ४० अंशांवर जातो, आणि गच्चीवरचा नळ त्याहूनहि तापतो. १० मीटर लांबीचा नळ ३० अंशांनीं तापला, तर लोखंडाचा तीन-चार मिलिमीटर वाढतो, पण प्लॅस्टिकचा सुमारें २ सेंटिमीटर. त्याला भिंतीशीं घट्ट जखडलें तर तो वाकतो व सांध्याशीं तडकतो. उघड्या उन्हानें पी. व्ही. सी. ठिसूळहि होतें. म्हणून गच्चीवरील नळ सैल पकडींत बसवावा व फिकट रंग देऊन किंवा झांकून ठेवावा. काळ्या पॉलिथिनच्या नळांत काजळी मिसळलेली असते. ती उन्हापासून त्याचें रक्षण करते.

आतां त्या वाऱ्याचें मूळ पाहूं या. पुरवठा बंद झाला कीं नळांत उरलेलें पाणी उतारावरील घरांकडे वाहून जातें आणि चढावरील नळ रिता होतो. रित्या होणाऱ्या नळांत बाहेरून कांहींतरी शिरतेंच. तोटींतून हवा शिरली तर फारसें बिघडत नाहीं. परंतु रस्त्यावरून घरांत येणारा नळ गटारांतून आणलेला असेल, आणि तेथला सांधा कुजलेला असेल, तर हवेऐवजीं गटाराचें पाणी आंत ओढलें जातें. भरलेला नळ गळला तर पाणी वायां जातें. रिता नळ गळला तर विषमज्वर, कावीळ व पटकी यांना घरांत वाट मिळते. घरच्या नळाला थेट मोटार लाविली असतां हें शोषण अधिकच जोरानें होतें, आणि शेजाऱ्याच्या फुटक्या सांध्यांतूनहि घाण ओढली जाते.

म्हणून दुकानांत केवळ भाव विचारूं नये. नळावरील आय. एस. आय. चा शिक्का व मानकाचा क्रमांक वाचावा: जस्ती नळास १२३९, पी. व्ही. सी. ला ४९८५, सी. पी. व्ही. सी. ला १५७७८ आणि काळ्या पॉलिथिनला ४९८४. जस्ती नळावर पिवळा पट्टा असेल तर तो हलका, निळा मध्यम व तांबडा जड समजावा. सांडपाण्याचा नळ स्वस्त मिळाला म्हणून पिण्याच्या पाण्यास लावूं नये. रस्त्यापासून घरापर्यंतच्या नळाला सांधे जितके थोडे तितकें बरें. काळ्या पॉलिथिनचा नळ वेटोळ्यांतून अखंड मिळतो. तो गटारापासून दूर व त्याहून उंचावरून न्यावा. मोटार लावणें झालें तर ती घरच्या हौदाला लावावी.

पुढच्या पाण्याच्या दिवशीं पहिलें पाणी मोरींत सोडण्यापूर्वी तें कांचेच्या पेल्यांत धरून घटकाभर ठेवावें. तळाशीं तांबूस गाळ बसला, तर बहुधा घरचा जस्ती नळ म्हातारा झाला आहे. पाणी काळसर दिसलें किंवा त्याला घाण वास आला, तर कोठें तरी सांधा गटारांत फुटला असावा, असें समजून महानगरपालिकेस तत्काळ कळवावें, आणि तो सांधा दुरुस्त होईपर्यंत नळाचें तें पाणी पिण्यास घेऊं नये. वास नसला म्हणजे पाणी निर्दोष, असेंहि मानूं नये. संशय असेल तेथें तें उकळूनच प्यावें.